सोन्यातले हीण

सोनार काळ्या दगडावर रेघ ओढून सोन्याचा कस पाहतो. उत्तम सोन्याला आपण बावनकशी म्हणतो, आणि त्यात दुसऱ्या धातूची भेसळ आढळली की ते हीणकस ठरवतो. हीण म्हणजे मोल उतरविणारी वस्तू. या शब्दाला आपल्या भाषेत दुसरा काही मान नाही. आज मी जी हकिकत सांगणार आहे ती या हिणाचीच आहे. सोन्याच्या पन्नास हजार अणूंमागे लोखंडाचा एक अणू, इतके ते अल्प. कसोटीच्या दगडाला त्याचा पत्ताही लागायचा नाही. परंतु त्याच हिणाने पदार्थविज्ञानातील मोठमोठ्या मंडळींना चाळीस वर्षे कोड्यात टाकले, आणि धातूच्या पृष्ठभागावर ठेवलेला एकेकटा रेणू चुंबक म्हणून कसा वागतो या आजच्या अभ्यासाचा उगमही त्यातच आहे.

कथेचा आरंभ हॉलंडातील लायडन या गावी होतो. तेथील विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हाइके कामरलिंग ओनेस यांनी १० जुलै १९०८ रोजी हेलियम वायूचा प्रथमच द्रव केला. निरपेक्ष शून्य म्हणजे उणे २७३ अंश सेल्सियस. तेथून वर मोजलेल्या अंशांना केल्व्हिन म्हणतात. द्रवरूप हेलियममुळे सुमारे चार केल्व्हिन इतके नीच तापमान प्रथमच माणसाच्या हाती आले. या यशाचे श्रेय एकट्या प्राध्यापकांचे नव्हते. काच फुंकणाऱ्या आणि उपकरणे घडविणाऱ्या मुलांची एक शाळाच ओनेस यांनी तेथे उभी केली होती; अंगातील निळ्या डगल्यांवरून गावात त्या मुलांना ‘निळी पोरे’ म्हणत. असल्या कारागिरांच्या हातांवाचून ते यंत्र कधी चालले नसते, हे मला मुद्दाम नमूद करावेसे वाटते. कारण विज्ञानाचा इतिहास लिहिताना नेमकी हीच माणसे गळतात.

त्या काळी एक प्रश्न विद्वानांत वादाचा होता. तारेतून वीज वाहताना तिला जो अडथळा होतो, ज्याला आपण विद्युत् रोध म्हणतो, त्याचे अतिशीत अवस्थेत काय होईल? लॉर्ड केल्व्हिन यांचा तर्क असा की इलेक्ट्रॉन अणूंना गोठून चिकटतील आणि रोध अनंत होईल. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की तो शून्यावर येईल. ओनेस यांनी सोने व प्लॅटिनम तपासले तेव्हा दोन्ही पक्ष चुकीचे ठरले. रोध उतरत उतरत एका पातळीवर येऊन स्थिरावला, आणि सोने जितके शुद्ध तितकी ही पातळी खाली, असे दिसले. याचा उलगडा सोपा होता. धातूतील अणूंची थरथर इलेक्ट्रॉनांना अडवते. थंडीने ती शमते. उरतो तो हिणाचा अडथळा, आणि तो तापमानाने बदलत नाही. पुढे १९११ साली ऊर्ध्वपातनाने शुद्ध केलेल्या पाऱ्यात रोध एकाएकी नाहीसा झाला व अतिसंवाहकतेचा शोध लागला. जगाचे लक्ष पाऱ्याकडे वळले. ते साहजिक होते. पण आपल्याला सोन्याकडेच थांबावयाचे आहे.

ओनेस यांच्यानंतर ज्यांच्याकडे प्रयोगशाळेची धुरा आली त्यांत डे हास हे एक होते. त्यांनी डे बूर आणि व्हॅन डेन बर्ग यांच्यासह सोन्याच्या तारा पुन्हा मोजावयास घेतल्या, आणि १९३४ साली जे प्रसिद्ध केले ते कोणत्याच पक्षाच्या गणितात बसणारे नव्हते. तापमान उतरवीत नेले तसा रोध कमी होत गेला. चार केल्व्हिनच्या आसपास तो सर्वांत कमी झाला. आणि त्याहून खाली जाताच तो पुन्हा वाढू लागला. वाढ अगदी थोडी होती. उपकरणाचा दोष म्हणून ती सोडून देता आली असती. लायडनच्या लोकांनी ती सोडली नाही, यातच त्यांची थोरवी आहे. थरथर शमली, हीण आहे तेवढेच आहे. मग थंडीमुळे वाढतो आहे तो कसला अडथळा?

येथे नियतीने एक थट्टा केली आहे. याच डे हास यांनी १९१५ साली आइन्स्टाइन यांच्याबरोबर एक नामांकित प्रयोग केला होता. टांगलेल्या लोखंडाच्या कांडीचे चुंबकत्व उलटविले की ती कांडी किंचित वळते. म्हणजे चुंबकत्वाचे मूळ एका प्रकारच्या फिरण्यात आहे, असे त्यांनी दाखविले होते. सोन्यातील गूढही लोखंडाच्या चुंबकत्वाचेच होते. पण सोन्यात चुंबकत्व शोधावे असे कोणाच्या मनात येणार?

पुढील वीस-पंचवीस वर्षांत संशय हळूहळू हिणावर स्थिरावला. एका खाणीच्या सोन्यात तो प्रकार दिसे, दुसऱ्यात नसे. तांब्याचेही तसेच. तांब्याची तार किंचित प्राणवायू असलेल्या भट्टीत तापविली की रोधाची ती वाढ नाहीशी होई. तारेतील लोखंड कोठे गेलेले नसे. त्याचा गंज होऊन तो बाजूला गुठळ्यांत बसलेला असे. म्हणजे लोखंड असणे एवढे पुरेसे नव्हते. ते सुटे, एकेकटे, चोहोंकडून तांब्याने वेढलेले असावे लागे. व्हॅन डेन बर्ग तर तीस वर्षांनंतरही याच विषयावर लिहीत होते.

दुसरा एक प्रश्न याच्याशी समांतर चालला होता. लोखंडाचा अणू स्वभावतः चुंबक आहे, कारण त्यातील काही इलेक्ट्रॉनांचे परिवलन, म्हणजे ज्याला स्पिन म्हणतात ते, जोडीविना उरलेले असते. पण हा अणू दुसऱ्या धातूच्या पोटात गेला तर त्याचे चुंबकत्व टिकते का? अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फिलिप अँडरसन यांनी १९६१ साली याचे गणित मांडले. त्याचा आशय असा की ते शेजाऱ्यांवर अवलंबून आहे. यजमान धातूच्या इलेक्ट्रॉनांशी लोखंडाचा व्यवहार जेमतेम असेल तर चुंबकत्व टिकते. तो फार मोकळेपणाने मिसळू लागला तर ते विरून जाते.

याच बेल प्रयोगशाळेत मिरियम सारॅचिक नावाची एक तरुण संशोधिका तात्पुरत्या जागेवर काम करीत होती. तिचा जन्म १९३३ साली अँटवर्प येथे एका ज्यू कुटुंबात झाला. नाझींच्या तावडीतून निसटून हे कुटुंब फ्रान्स आणि क्यूबा या मार्गाने अखेरीस न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळूनही, एक स्त्री आणि त्यातून लहान मुलाची आई, म्हणून तिला काम मिळताना मारामार पडली होती. तिने मॉलिब्डेनम आणि नायोबियम यांचे वेगवेगळ्या प्रमाणांतील मिश्रधातू घेतले आणि प्रत्येकात शेकडा एक इतके लोखंड घातले. नायोबियम अधिक असेल तेथे लोखंडाचे चुंबकत्व मावळलेले असे. मॉलिब्डेनम वाढवीत नेले की ते जागे होई. हे इतरांनी आधी मोजले होते. सारॅचिक यांनी रोध मोजला, आणि त्यांना दिसले की जेथे लोखंड चुंबक आहे तेथेच रोधाची ती विचित्र वाढ आहे. जेथे नाही तेथे नाही. हे संशोधन १९६४ साली प्रसिद्ध झाले. गुन्हेगाराची ओळख आता निर्विवाद पटली. गुन्हा कसा घडला ते मात्र सांगावयाचे होते.

ते सांगितले जपानने, आणि तेही त्याच वर्षी. जून कोंडो हे टोकियोच्या परिसरातील एका शासकीय विद्युत्-प्रयोगशाळेत काम करीत होते. ओटावा येथे १९६२ साली मोजलेले, शेकडा ०.००२ ते ०.०२ इतके लोखंड असलेल्या सोन्याचे आकडे त्यांच्यापुढे होते. युकावा यांनी १९४६ साली क्योटो येथे सुरू केलेल्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला.

कोंडो यांची युक्ती एका दृष्टान्ताने सांगता येईल. नदीच्या पात्रात एक खडक आहे. प्रवाहातील ओंडका त्यावर आपटतो व वळून जातो. खडकाला त्याची आठवण राहत नाही. साधे हीण हे असे असते. आता नदीच्या उतारावर एकच होडी आहे आणि नावाडी नाही अशी कल्पना करा. प्रवासी येतो, होडी घेऊन पलीकडे जातो व तेथेच ती सोडतो. मागाहून येणाऱ्याला वाट मिळते की थांबावे लागते, हे आधीचा होडी कोणत्या काठाला ठेवून गेला यावर ठरते. लोखंडाचे परिवलन ही ती होडी. इलेक्ट्रॉन येतो, लोखंडाशी आपल्या परिवलनाची अदलाबदल करतो, आणि जाताना त्याला पालटून जातो. मग पुढच्या इलेक्ट्रॉनाची गाठ पालटलेल्या लोखंडाशी पडते. तात्पर्य, इलेक्ट्रॉनांचे येणेजाणे एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाही. पुंजयामिकीचे पूर्वीचे गणित दुसऱ्या पायरीवर थांबत असे. कोंडो तिसऱ्या पायरीपर्यंत गेले, आणि तेथे तापमान उतरेल तसे हळूहळू वाढत जाणारे एक पद त्यांना सापडले. सोन्याच्या आकड्यांशी ते नेमके जुळले. त्यातून एक मौजेचा नियमही निघाला: रोध सर्वांत कमी असण्याचे तापमान दुप्पट व्हावयास हीण बत्तीस पट व्हावे लागते. निरनिराळ्या नमुन्यांत ते तापमान इतके थोडे का बदलते, हे कोडे त्यामुळे सुटले.

परंतु प्रत्येक उत्तराच्या पोटात प्रश्न असतो. कोंडो यांचे सूत्र निरपेक्ष शून्यापर्यंत नेले तर रोध अनंत होतो. केल्व्हिन यांचा जुना तर्क मागच्या दाराने आत आल्यासारखे झाले! असे प्रत्यक्षात होत नाही हे सर्वांना ठाऊक होते. म्हणजे फार नीच तापमानाला हे गणित लंगडे पडते. या अडचणीला ‘कोंडो प्रश्न’ असे नाव पडले आणि दहा वर्षे तो अनेकांनी हाताळला. अँडरसन यांनी १९७० साली वाट दाखविली आणि केनेथ विल्सन यांनी १९७४-७५ च्या सुमारास संगणकाच्या साहाय्याने तो तडीस नेला. उत्तर सुंदर आहे. एका विशिष्ट तापमानाखाली, ज्याला आता कोंडो तापमान म्हणतात, भोवतालचे इलेक्ट्रॉन सामुदायिकपणे लोखंडाच्या परिवलनाला वेढून ते झाकून टाकतात. लोखंड तेथेच असते, पण बाहेरून पाहणाऱ्याला ते चुंबक भासत नाही. आणि रोध वाढावयाचा थांबतो. तांब्यातील लोखंडासाठी हे तापमान तीसेक केल्व्हिन, तर सोन्यातील लोखंडासाठी एका केल्व्हिनहूनही खाली.

कोंडो यांनी पुढे आपल्या आठवणी लिहिल्या त्यांना ‘माझ्या झुडपाला चिकटून’ अशा अर्थाचे शीर्षक दिले. ते २०२२ साली, नव्वदी ओलांडून, निवर्तले. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही. ज्यांच्या नावाने एक प्रश्न दहा वर्षे गाजला त्यांना ते मिळावयास हवे होते, असे माझे मत आहे.

येथवर सर्व पुरावा अप्रत्यक्ष होता. तारेत कोट्यवधी लोखंडाचे अणू. त्या सर्वांची सरासरी तेवढी मोजावयाची. एकच अणू घेऊन हा झाकण्याचा व्यवहार पाहणे शक्य झाले ते स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप या यंत्रामुळे. झुरिकजवळील आय. बी. एम. च्या प्रयोगशाळेत बिनिग व रोरर यांनी १९८१ साली ते घडविले आणि १९८६ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. या सूक्ष्मदर्शकात भिंग नाही. अतिशय अणकुचीदार सुई पृष्ठभागाला न शिवता, अणूएवढ्या अंतरावरून त्यावर फिरवतात, आणि मधल्या पोकळीतून झिरपणारी वीज मोजतात. आंधळा माणूस काठीने वाट चाचपतो तसे. पृष्ठभाग कोठे उंच, कोठे सखल हे तर कळतेच. शिवाय सुईचा दाब, म्हणजे विद्युत् दाब, थोडाथोडा बदलून त्या एका जागचे इलेक्ट्रॉन कोणत्या ऊर्जेचे आहेत हेही कळते.

बॉस्टन विद्यापीठात १९९८ साली सोन्याच्या स्वच्छ पृष्ठभागावर कोबाल्टचे सुटे अणू ठेवून हा प्रयोग झाला. निबंधातील पहिले नाव विद्या माधवन यांचे आहे, मद्रासच्या आय. आय. टी. तून धातुशास्त्राचे शिक्षण घेऊन त्या अमेरिकेत गेल्या होत्या. सुई कोबाल्टवर येताच विजेच्या आलेखात शून्य दाबाजवळ एक अरुंद खळगा पडे, आणि सुई नॅनोमीटरभर बाजूला सरकली की तो बुजे. कोंडो यांनी कागदावर सांगितलेला तो वेढा एका अणूभोवती प्रथमच असा चाचपून पाहता आला. त्याच वर्षी चांदीवरील सेरियमच्या अणूभोवतीही दुसऱ्या एका गटाला तो दिसला. पुढे २००० साली कॅलिफोर्नियातील आय. बी. एम. च्या लोकांनी तांब्यावर कोबाल्टच्या अणूंचे लंबवर्तुळाकार कुंपण घातले, त्याच्या एका नाभीवर कोबाल्टचा अणू ठेवला, आणि दुसऱ्या, रिकाम्या नाभीवर तोच खळगा फिकट स्वरूपात उमटलेला दाखविला. मृगजळच ते.

अणूवरून रेणूकडे येताना एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ येथील रंगाच्या कारखान्यात १९२८ साली एक पांढरा पदार्थ तयार करीत असता त्यात निळ्या रंगाचे हीण आढळले. चौकशीअंती कळले की भांड्यावरील काचेचा मुलामा तडकला होता आणि आतील लोखंडाशी मालाची गाठ पडली होती. त्या हिणाची रचना पुढे लिन्स्टेड यांनी उलगडली. चार पाकळ्यांचे सपाट फूल, आणि मधोमध धातूचा एक अणू. या कुटुंबाला थॅलोसायनिन म्हणतात. त्यातील तांब्याचा निळा रंग आज छपाईच्या शाईत सर्वत्र वापरला जातो. सोन्यात लोखंड शिरले आणि रंगाच्या भांड्यातही लोखंडच शिरले. दोन्ही ठिकाणी हीण म्हणून ज्याच्याकडे पाहिले गेले तेच पुढे अभ्यासाचा विषय झाले. आणि या दोन गोष्टींची अखेर एकाच टेबलावर गाठ पडली.

हे रेणू सपाट असल्याने सोन्यावर पानासारखे पसरतात, आणि मधला चुंबकी अणू कोठे बसवावा हे रसायनशास्त्रज्ञाच्या हातात असते. चीनमधील हफेइ येथील संशोधकांनी २००५ साली कोबाल्टचे थॅलोसायनिन सोन्यावर ठेवले. सुटा रेणू चुंबक असतो. सोन्यावर मात्र कोबाल्टचे चुंबकत्व मावळलेले आढळले. मग त्यांनी सुईतून विजेचे झटके देऊन रेणूच्या कडेचे हायड्रोजनचे आठही अणू छाटून टाकले. उघड्या पडलेल्या कडा सोन्याला घट्ट चिकटल्या, पाकळ्या खाली ओढल्या गेल्या, मधला कोबाल्ट किंचित वर उचलला गेला, आणि त्याचे चुंबकत्व परत आले. कोंडो तापमान भरले ते दोनशे केल्व्हिनहून अधिक. उघड्या कोबाल्ट अणूसाठी माधवन यांच्या प्रयोगात ते सत्तरच्या आसपास होते. धातूच्या पोटातील लोखंडाविषयी अँडरसन यांनी जे म्हटले होते, की चुंबकत्व शेजाऱ्यांवर अवलंबून असते, ते येथे एका रेणूची कात्रण करून सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत तांब्यावरील दुसऱ्या एका कोबाल्ट-रेणूचा आकार बदलून कोंडो तापमान १३० वरून १७० केल्व्हिनवर नेण्यात आले.

सारॅचिक यांचे नाव या इतिहासात पुन्हा एकदा येते. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात अध्यापन करीत असता त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९९६ साली मँगनीजचे बारा अणू असलेल्या एका रेणूचे स्फटिक तपासले. हे प्रत्येक रेणू एक चिमुकला चुंबक असून, काही केल्व्हिनच्या थंडीत ते आपली दिशा धरून ठेवतात. बाहेरील चुंबकी क्षेत्र बदलले असता त्यांची दिशा सलगपणे न बदलता पायरीपायरीने बदलली. मधला डोंगर न चढता त्यातील भुयारातून पलीकडे जावे, तसा हा पुंजयामिकीचा व्यवहार. एका रेणूत एक अक्षर लिहून ठेवण्याचे स्वप्न यातून लोकांना पडू लागले. सारॅचिक २०२१ साली वारल्या.

ते स्वप्न धातूवर उतरवताना मात्र जुनेच हीण उलट्या बाजूने आडवे आले. स्फटिकात जो रेणू आपली दिशा विसरत नव्हता तो सोन्यावर ठेवताच विसरला, कारण सोन्याच्या सान्निध्यात त्यातील मँगनीजची रासायनिक अवस्थाच पालटली. फ्लॉरेन्सच्या मंडळींनी लोखंडाचे चार अणू असलेला दुसरा, अधिक चिवट रेणू निवडला, त्याला सोन्याशी बांधणारे लांब पाय जोडले, आणि २००९ साली एका केल्व्हिनखाली त्याची स्मृती सोन्यावरही टिकते असे दाखविले. मँगनीजच्या रेणूची बाजू २०१२ साली जर्मनीतील श्टुटगार्ट येथे सावरली गेली. तेथे त्या नाजूक रेणूंचे विद्युत्-भारित तुषार निर्वात पोकळीत अलगद उतरविण्यात आले. काही सोन्यावर, काही तांब्यावर, आणि काही ऱ्होडियमवर पसरलेल्या बोरॉन नायट्राइडच्या एकाच थरावर. सोन्यावर आणि तांब्यावर सुईला चुंबकत्वाची खूण सापडली नाही. एका अणूएवढ्या जाडीच्या त्या पडद्यावर ती सापडली.